दुसरा पडदा

बातमी आली तेव्हा कॅमेरे दुरुस्त करणारा कारागीर, फिक्री उस्ता, एका लग्नाच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातून वाळू काढत होता. त्या पठ्ठ्याने अजमीच्या किनाऱ्यावर नवरानवरीला पळवून पळवून फोटो काढले होते, आणि झूमची कडी आता फिरताना दात खाल्ल्यासारखी करकरत होती. गुरुवारची दुपार. टेबलाच्या कोपऱ्यावर पावात भरलेले तामियाचे वडे गार होत होते. अलेक्झांड्रियाच्या मन्शिया भागातल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. अलीकडच्या खोलीत फिक्रीचे कॅमेरे, पलीकडच्या खोलीत लबीबकाकांची घड्याळं, आणि मधल्या बोळात दोघांचा सामाईक चहाचा स्टोव्ह.

अन्फूशीच्या किनाऱ्यावरचा दसूकी कोळी दारात येऊन उभा राहिला. चपला त्याने हातात धरल्या होत्या.

"उस्ता," तो म्हणाला, "त्याचं उरलेलं तुमच्या आयुष्यात."

अलेक्झांड्रियात हे वाक्य दर दोन दिवसांनी कुठे ना कुठे म्हणावं तरी लागतं, नाहीतर ऐकावं तरी लागतं. गेलेल्याचे राहिलेले दिवस मागे राहिलेल्याला लाभोत, एवढाच त्याचा अर्थ. तोंडात ते इतकं बसलेलं असतं की उत्तरही आपोआप येतं. फिक्रीने चिमटा खाली न ठेवताच ठरलेलं उत्तर दिलं, "आयुष्य तुमचं उरो, दसूकी."

मग वाळूचा आणखी एक कण उचलून त्याने कागदावर ठेवला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की सांत्वन दसूकीने त्याचं केलं होतं.

"कोण गेलं?"

दसूकीने हातातल्या चपला खाली ठेवल्या. त्याचा सदरा छातीपर्यंत भिजलेला होता.

गेला होता वजीह, फिक्रीचा धाकटा भाऊ. सत्तेचाळीस वर्षांचा. पोटासाठी तो लग्नं टिपायचा आणि मनासाठी समुद्र. पहाटे किल्ल्याजवळच्या बांधावर जायचा, काँक्रीटच्या ठोकळ्यांमध्ये स्टँड रोवायचा आणि कॅमेऱ्याचं शटर दहा दहा मिनिटं उघडं ठेवायचा. वायरच्या टोकाला एक बटण असे. अंगठ्याने दाबलं की शटर उघडे, अंगठा दाबलेला असेल तोवर उघडं राही, सोडला की मिटे. एवढ्या वेळात लाटा हलत राहतात म्हणून त्या फोटोत येत नाहीत, त्यांचा नुसता धूर होतो. येणारी जाणारी माणसं तर पार नाहीशी होतात.

"जो थांबतो तोच उमटतो, दादा," वजीह म्हणायचा.

"मग तू जन्मात उमटायचा नाहीस," फिक्री म्हणायचा. वजीहला एका जागी बसलेलं आईनेही पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, तो कॅमेरा गळ्यात घालून दुकानात आला होता.

"दादा, याचा आरसा कधी कधी खाली यायचा विसरतो."

"तू घरी जायचा विसरतोस, त्याचं काय? शनिवारी आण."

"शनिवारपर्यंत समुद्र असा राहायचा नाही."

"समुद्र कुठे जातो? शनिवारी आण म्हटलं ना."

फिक्रीच्या टेबलावर त्या दिवशी सात कॅमेरे होते. भावाच्या कॅमेऱ्याकडे त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

दसूकीने होडीतून पाहिलं ते एवढंच: वजीह ठोकळ्यावर उभा होता, मान खाली होती, दोन्ही हात पोटाशी, काहीतरी करत होता किंवा धरून होता. दसूकीने हाक मारली, ती त्याने ऐकली नाही. मग लाट आली. दुपारच्या आत वजीह सापडला.

मयताला आंघोळ घालताना फिक्री स्वतः पाणी देत होता. उजव्या हाताची चार बोटं सहज सरळ झाली. अंगठा झाला नाही. तो वाकून तर्जनीच्या पेरावर दाबून बसला होता. आंघोळ घालणाऱ्या म्हाताऱ्या शेखने दोनदा कोमट पाणी घालून तो चोळला आणि मग सोडून दिला.

"राहू दे," तो म्हणाला. "मातीत गेल्यावर होईल मोकळा."

त्यानंतर लोक येत राहिले, कडू कॉफी पीत राहिले, आणि प्रत्येकजण जाताना तेच वाक्य म्हणत राहिला. फिक्री उत्तर देत राहिला. पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वजीह मान खाली घालून काय करत होता? अडकलेला आरसा सोडवत होता का? तसं असेल तर लाटेच्या आधी त्याला फिक्रीनेच मारलं होतं, मंगळवारी, मान न वळवता.

*

वजीहची बायको इन्साफ अडतिसाव्या दिवशी दुकानाचा जिना चढून आली. तिच्या हातात काळी पिशवी होती.

"आज शनिवार," ती म्हणाली. "शनिवारी आण म्हणाला होतात ना तुम्ही."

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. फिक्रीने खुर्ची पुसून पुढे केली. ती बसली नाही.

"दसूकीने आणून दिला होता. स्टँड दगडांत जसाच्या तसा उभा होता म्हणाला. वायर तुटलेली. मागे एक लाल दिवा जळत होता, भावजी. कपाटात ठेवला तरी फटीतून दिसायचा. तिसऱ्या दिवशी मी बॅटरी काढली." तिने पिशवीतून औषधाची रिकामी डबी काढून टेबलावर ठेवली. "यात आहे."

"बरं केलंस."

"त्यात आरसा असतो ना? मी डोळा लावून पाहिलं. नुसता काळोख."

"आरसा वर गेला की तसंच होतं. तो खाली असला तरच लेन्समधलं डोळ्याला दिसतं."

"म्हणजे झाकल्यासारखाच तो."

"हो, तसंच म्हण."

इन्साफने खिडकीकडे पाहिलं. फिक्रीची आई दक्षिणेकडच्या सोहाग गावाकडची. तिच्या घरची रीत अशी की माणूस गेला की घरातले आरसे चाळीस दिवस झाकायचे. इन्साफने चौकटीतला मोठा आरसा, कपाटाचा आरसा, वजीहचा दाढीचा वाटीएवढा आरसा, सगळ्यांवर चादरी टाकल्या होत्या.

"सोमवारी चाळिसावा. सगळे आरसे उघडायचे आहेत. सासूबाई म्हणायच्या, एक जरी झाकलेला राहिला तरी गेलेला घुटमळत राहतो, त्याला दार सापडत नाही. हा तेवढा खाली आणा." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "आणि बिघाड होता की नव्हता तेही सांगा मला. मी रडणार नाही. फक्त लपवू नका."

*

फिक्रीने दिवा ओढून घेतला आणि कामाला लागला. बत्तीस वर्षांचा हात. मिठाने गंजलेले, वाळूने घासलेले, नवरीच्या सरबतात बुडालेले किती कॅमेरे त्याने उघडले असतील. आधी लेन्स काढायची. मग आरसा पाहायचा. आरसा वर अडकण्याची कारणं तीनचार. एकेक करून खोडत जायचं.

लेन्स काढली. आरसा वर होता, छताला चिकटलेल्या पाकोळीसारखा. त्याच्या मागे शटरची काळी पाती मिटलेली दिसायला हवी होती. ती मिटलेली नव्हती. आत खोल, हिरवट जांभळा, माशीच्या पंखासारखा चकाकणारा सेन्सर उघडा पडला होता.

पाती तुटली असणार. खारी हवा पहिली तिथेच खाते. त्याने भिंग डोळ्याला लावलं. पाती शाबूत होती. पहिला पडदा खाली नीट घडी घालून बसलेला, दुसरा वर नीट घडी घालून थांबलेला. फोटो काढत असताना असतात तसेच.

वरची चकती त्याने आता पाहिली. ती 'बटण दाबाल तोवर उघडं' या खुणेवर होती, वजीहच्या नेहमीच्या खुणेवर.

फिक्रीने भिंग खाली ठेवून चष्मा पुसला. मग तळाचे सहा स्क्रू काढले. आरसा वरखाली करणारी चाकं भिंगाखाली एकेक दात मोजून तपासली. एकही झिजलेला नव्हता. वाळू नाही, गंज नाही, तेलाचा चिकटा नाही. आरसा अडकलेला नव्हताच. फोटो पुरा झाला की तो खाली यायचा होता, आणि फोटो पुरा झाला नव्हता.

त्याच्या छातीवरचा अडतीस दिवसांचा दगड किंचित सरकला. वजीह काही सोडवत नव्हता. बटण दाबून उभा होता. आरसा विसरतो म्हणाला होता तो बहुधा थट्टेने, भावाला भेटायला निमित्त म्हणून.

पण दगड पुरता खाली येईना. कारण उस्ताच्या मनाने आता दुसरा प्रश्न विचारला होता.

शटरच्या दुसऱ्या पडद्याला एक स्प्रिंग सतत ओढत असते. त्याला वर धरून ठेवतं ते एक इवलंसं चुंबक, ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि ते विजेवर चालतं. वीज गेली की चुंबक सोडतं, पडदा पडतो, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. हा पडदा वायर तुटली तेव्हाच पडायला हवा होता. तेव्हा नाही, तर इन्साफने बॅटरी काढली तेव्हा. पस्तीस दिवस या कॅमेऱ्यात वीज नव्हती.

त्याने मीटर लावला. काटा हलला नाही. चुंबकाला बोटाचं टोक लावलं. गार.

*

रविवारी सकाळी त्याने लबीबकाकांना हाक मारली. काका ऐंशीच्या घरातले, कॉप्ट ख्रिस्ती, गळ्यात भिंग आणि बोटांत कायम स्वतः वळलेली सिगरेट.

"तुमच्या यंत्रांना किल्ली नसते ना," काका टेबलाशी बसत म्हणाले, "म्हणून त्यांच्यात काहीबाही शिरतं. घड्याळात कधी ऐकलंस का?"

"तुमच्या घड्याळांत शिरायला बसलंय कोण? आत शिरलं तर तुम्ही त्यालाही सहा महिन्यांनी या म्हणाल."

"दे इकडे."

काकांनी पाहिलं. आधी झटकन पाहिलं, मग सावकाश पाहिलं. सिगरेट त्यांनी विझवली.

"मीठ धरलं असेल," ते म्हणाले. "लोखंडाला चुंबक चिकटून बसलं असेल."

"मलाही तसंच वाटलं."

"मग?"

फिक्रीने काकांच्या खिशातून सिगरेट वळायच्या कागदांचं पाकीट काढलं. त्यातला एक कागद कात्रीने गव्हाच्या काडीएवढा कापला आणि चिमट्याने चुंबक आणि लोखंडाची पट्टी यांच्या मध्ये सरकवला. कागद अडला नाही. या बाजूने गेला, त्या बाजूने बाहेर आला. चुंबक पट्टीला चिकटलेलं नव्हतं, शिवलेलंसुद्धा नव्हतं. मध्ये फट होती, आणि फटीपलीकडे स्प्रिंग आपल्या सगळ्या जोराने पडद्याला खाली ओढत होती.

"पुन्हा कर," काका म्हणाले.

फिक्रीने पुन्हा केलं.

बोळात स्टोव्हवरचा चहा उतू गेल्याचा वास आला. कोणी उठलं नाही.

"फिक्री... स्प्रिंग तर ओढतेय."

"हो."

"मग धरलंय कोणी?"

फिक्रीने कागदाचा तुकडा उजेडात धरला. कोरडा गेलेला कागद ओला होऊन आला होता. काकांनी तो घेतला, नाकाशी नेला आणि मग जिभेच्या टोकाला लावला. घड्याळवाल्याची जुनी सवय. तेल कुठलं ते चव घेऊन ओळखायचे.

"समुद्र," काका म्हणाले.

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि भिंग गळ्यातून काढून खिशात ठेवलं. जाताना दारात थांबून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "आंघोळ घालताना वजीहचा अंगठा सरळ झाला नव्हता, असं तूच सांगितलं होतंस ना मला?"

फिक्रीने मान हलवली. तो ते विसरलेला नव्हता.

*

सोमवारी मक्नसा आलं. मक्नसा म्हणजे केरसुणी. दर वर्षी नोव्हेंबरच्या मध्याला हे वादळ येतं आणि सगळं शहर झाडून काढतं. भर दुपारी आभाळ इतकं खाली आलं की रस्त्यातल्या गाड्यांनी दिवे लावले. मग वीज गेली. समुद्र चार गल्ल्या पलीकडे होता, पण त्याचा आवाज खिडकीखाली असल्यासारखा येत होता. हवेला शेवाळाचा आणि ओल्या दोराचा वास सुटला होता.

इन्साफकडे संध्याकाळी कुराण वाचायला शेख येणार होते. त्याआधी आरसा खाली आणायचा होता. काम एका मिनिटाचं होतं. बॅटरी घालायची, बटण एकदा चालू करायचं; यंत्र आपलं आपण शुद्धीवर येईल, पडदा पडेल, आरसा खाली येईल, आणि शेवटचा फोटो कार्डावर उतरेल. इन्साफला तो बघता येईल. वजीहला दार सापडेल.

फिक्रीने औषधाची डबी उघडली. बॅटरी तळहातावर घेतली. आणि का कोण जाणे, घालण्याआधी कॅमेरा उचलून त्याने त्याच्या मागच्या, बघायच्या इवल्या खिडकीला डोळा लावला. आरसा वर होता. लेन्स काढून ठेवलेली होती. तिथे काळोखाशिवाय काही असणं शक्य नव्हतं.

काळोख नव्हता.

आधी नुसता राखाडी उजेड होता, पहाटेच्या दाराच्या फटीसारखा. मग डोळा सरावला आणि त्यात एक आडवी रेघ दिसली. क्षितिज. त्याच्या अलीकडे समुद्र होता, पण त्यात एकही लाट नव्हती. चाळीस दिवसांच्या सगळ्या लाटा एकमेकींवर निजून दुधासारख्या झाल्या होत्या. त्यावर आकाशातून तिरप्या उतरलेल्या बारीक सोनेरी रेषा होत्या, कोणीतरी नखाने ओढल्यासारख्या, एकीशेजारी एक, प्रत्येक रेषा आधीच्या रेषेच्या किंचित डावीकडे. फिक्रीला कळायला वेळ लागला. मावळणारा सूर्य. हिवाळ्याकडे दररोज थोडा थोडा सरकत जाणारा, दररोज पाण्यात उतरणारा. त्याने रेषा मोजल्या. एकोणचाळीस होत्या. चाळिसावा सूर्य अजून मावळायचा होता.

त्याचा श्वास काचेवर धरत होता तरी त्याने डोळा काढला नाही. एवढं सुंदर काही त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

डाव्या कोपऱ्यात काँक्रीटचा ठोकळा होता. ठोकळ्यावर एक माणूस पाठमोरा उभा होता. बाकी सगळं धूर होऊन गेलेलं, आणि तो तेवढा स्पष्ट, सदऱ्याच्या सुरकुतीसह स्पष्ट. मान खाली. उजवा हात पोटाशी, मूठ वळलेली.

जन्मात एका जागी न बसलेला माणूस चाळीस दिवस हलला नव्हता.

चाळीस दिवस लोक फिक्रीला सांगत आले होते की वजीहचं उरलेलं तुझ्या आयुष्यात. ते कुठे गेलं होतं, ते त्याला आता दिसत होतं.

"वजीह," तो डोळा न काढताच पुटपुटला. "दमला असशील रे..."

खाली रस्त्यावर वाऱ्याने एखाद्या दुकानाचा पत्रा उखडला. चित्रातला माणूस हलला नाही. फिक्रीने कॅमेरा टेबलावर ठेवला, फार हळू, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा. बॅटरी अजून डाव्या तळहातावर होती, घामाने ओली.

*

तो इन्साफकडे पोचला तेव्हा शेख वाचून गेले होते. शेजारणी गोड पोळ्यांची टोपली वाटून परतल्या होत्या. वीज आली नव्हती. मेणबत्त्या लावल्या होत्या आणि उघडलेल्या आरशांत त्या दुप्पट दिसत होत्या. चादरी घडी घालून खुर्चीवर ठेवल्या होत्या.

इन्साफने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"बिघाड नव्हता," फिक्री म्हणाला. "चाकांचा दातन् दात शाबूत आहे. आरसा अडकलेला नव्हता."

इन्साफ बसली. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मग मान खाली घालून काय करत होता?"

"फोटो काढतोय."

बोलून गेल्यावर त्याला आपला शब्द ऐकू आला. इन्साफलाही आला. तिने तो दुरुस्त केला नाही.

"नीट येतोय का?" तिने विचारलं, अगदी हळू.

"इन्साफ, मी असा फोटो कधी पाहिला नाही."

"आणि आरसा?"

"बॅटरी घातली की खाली येईल. पण मग त्याला... त्याला बटण सोडावं लागेल."

वारा दारावर येऊन टेकला आणि मेणबत्त्या एका बाजूला झुकल्या. चौकटीतल्या आरशातल्याही झुकल्या. इन्साफ त्या सरळ होईपर्यंत थांबली.

"आज सोमवार," ती म्हणाली. "घाई काय आहे, भावजी? शनिवारी करा."

त्याला तीन हिवाळे झाले. लबीबकाका आता दुकानात येत नाहीत, पण त्यांच्या सिगरेटच्या कागदांचं पाकीट ते फिक्रीकडे ठेवून गेले. दुकान उघडल्यावर फिक्री रोज कागदाची एक कोरडी काडी कापून चुंबकाजवळच्या त्या फटीत सरकवतो आणि कालची काढून घेतो. कालची ओली असते. मधून मधून तिच्यावर, खालच्या टोकाला, अंगठ्याच्या रेषांसारखा ठसा असतो. तो फिक्रीच्या अंगठ्याचा नाही. त्याने शाई लावून ताडून पाहिलं आहे.

औषधाची डबी ड्रॉवरमध्ये आहे. बॅटरी त्याने अजून घातलेली नाही.